तुझं रक्त अजून ठणठणीत आहे

मिलिंदा, आज सकाळी तुला फ्रीझरमधून बाहेर काढलं.

हे वाक्य मी आपल्या डबा खायच्या टेबलावर तुझ्यासमोर म्हटलं असतं, तर तू आधी ठसका लागेपर्यंत हसला असतास आणि मग म्हणाला असतास, "ताई, हळू बोल. शेजारच्या शेडमधले पावडर कोटिंगवाले पोलीस बोलावतील." आज टेबलावर मी एकटीच होते. वाक्य तोंडात आलं, मी ते गिळलं, आणि पाठोपाठ तुझा इतका राग आला की भाकरीचा तुकडा डब्याच्या झाकणावर आपटला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलणाऱ्यांची रांग पिंपळे गुरवच्या तुझ्या गल्लीतून थेट मुख्य रस्त्यापर्यंत गेली होती, मी डोळ्यांनी पाहिली. तेव्हा तो भाग उरकला असं समज. मी भांडायला आलेय.

तुला सगळं माहीत आहे, पण हे वाचणाऱ्याला नाही, आणि गोष्ट मधूनच सुरू करणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. म्हणून सांगते. आपण दोघं भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तयार करायचो. रक्त वाचायचं काम मशीनचं. आपलं काम रक्ताला मशीनसमोर उभं राहण्याजोगं करण्याचं. नवरी सजवणाऱ्या बायकांसारखं. बघणारे बघतात नवरीला, आणि पदराला पिन टोचणारीचं नाव कुणी विचारत नाही. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळं काढायचं, बारक्या बारक्या नळ्यांत भरायचं, उणे ऐंशी अंशाला गोठवायचं. मग बॅच लावायच्या दिवशी बर्फात ठेवून हळूहळू वितळवायचं. त्यातल्या प्रथिनांना साबण आणि ऊब देऊन सैल करायचं, आणि प्रथिनांना लटकलेली साखर रसायनाच्या कात्रीनं कापून घ्यायची.

"तुमच्याकडे शुगर करतात ना हो?" असं कुणी विचारलं की तू हातातलं काम बाजूला ठेवून कीर्तनाला उभा राहायचास.

"ती साखर वेगळी, काका. तुमची ती रक्तात मोकाट फिरणारी. आमची प्रथिनांच्या अंगावरची. असं समजा, प्रथिन म्हणजे नवरदेव आणि ही साखर म्हणजे त्याच्या मुंडावळ्या. माणूस म्हातारा झाला, आजारी पडला की मुंडावळ्यांची गुंफण बदलते. आम्ही मुंडावळ्या कापतो आणि मोजतो."

"आणि नवरदेव?"

"नवरदेव गेला उडत."

काका पोट धरून हसायचे आणि जाता जाता विचारायचे, "मग माझी शुगर कधी करता?"

लक्षात ठेव मिलिंदा, हा फरक तू शिकवत होतास. तू. जगाला. पुढे मी जे बोलणार आहे त्यात हे लागेल.

आता घरच्या नमुन्याची गोष्ट. प्रत्येक बॅचमध्ये एक नमुना असा घालावा लागतो ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं, त्याला कंट्रोल म्हणतात. त्याचं उत्तर बरोबर आलं तर आपले हात आणि मशीन शुद्धीवर आहेत. चुकलं तर सगळी बॅच रद्द. पूर्वी तो नमुना परदेशातून यायचा, कुठल्या तरी गोदामात अडकायचा आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचा रस्सा झालेला असायचा. शेवटी मॅडम वैतागल्या. आपली प्रयोगशाळा त्यांचीच, त्यामुळे वैताग सगळ्यांनाच वाटून मिळायचा. म्हणाल्या, "आपल्यातल्याच एखाद्या निरोगी माणसाचं घेऊ. कोण देतं?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. माझी तर शीर सापडत नाही हे जगजाहीर. तू बाही वर केलीस. "घ्या मॅडम. कामगाराच्या पोराचं रक्त आहे, ओव्हरटाइमची सवय आहे त्याला." आधी तुझी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी झाली. सगळं उत्तम. मग रक्त काढलं, फिरवलं, आणि तुझा प्लाझ्मा नळ्यांत भरायला बसलो तर तू अडून बसलास की टोपणं निळीच पाहिजेत. कपाटात पिवळी पडली होती.

"निळीच का रे?"

"जय भीम, ताई. आता तरी कळलं का?"

निळी टोपणं मागवली. तेव्हापासून दर बॅचला एक निळं टोपण उघडायचं. आलेख पडद्यावर आला की मी उठून ललकारी द्यायची, "होऽश्शियार! पिंपळे गुरवचे सरदार मिलिंदराव पधारत आहेत!" तू कॉलर ताठ करून यायचास, त्या उंचसखल रेषेकडे बघायचास आणि निकाल द्यायचास, "ठणठणीत." मॅडमसुद्धा बॅचच्या शेऱ्यात "कंट्रोल योग्य" लिहिताना ओठातल्या ओठात "ठणठणीत" म्हणायच्या.

किती मजा होती त्यात. आता त्या मजेचीच मला चीड येते. कारण उणे ऐंशीला ठेवलेलं रक्त म्हातारं होत नाही. बाहेर ठेवलेला माणूस होतो.

आठवतं, चाकणला एका कंपनीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचं रक्त आणायला गेलो होतो? येताना मोशीला ट्रॅफिक असा जाम, की पुढच्या ट्रेलरच्या ड्रायव्हरने खाली उतरून दाढी केली. उन्हानं पेटीतले बर्फाचे पॅक मऊ पडायला लागले. रक्त गार राहिलं पाहिजे, पण बर्फ त्याला थेट लागताही कामा नये. लागला की पेशी फुटतात आणि पिवळसर प्लाझ्मा गुलाबी येतो. सगळी मेहनत मातीत. तू टेम्पोतून उडी मारून रसवंतीवर गेलास.

"भाऊ, बर्फ दे."

"रस घ्या. नुसता बर्फ इकत न्हाई आमी."

"अरे, रक्त घेऊन चाललोय. माणसांचं."

त्यानं तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तर रस घ्याच राव. चक्कर येईल."

तू रस प्यालास. मग आणखी बर्फ हवा म्हणून आणखी रस प्यालास. नमुन्यांसाठी केवढा तो त्याग! मिशीला फेस लावून, हातात बर्फाची पिशवी घेऊन परत आलास, अंगातला शर्ट काढलास, नळ्यांच्या स्टँडला गुंडाळलास आणि भोसरीपर्यंत बनियनवर बसून आलास. एकही नमुना गुलाबी आला नाही. ही गोष्ट मी नंतर शंभर ठिकाणी सांगितली आणि दर वेळी रसाचा एक ग्लास वाढवला.

पण त्या टेम्पोतलं एक बोलणं मी कधीच कुठे सांगितलं नाही. तू वडिलांबद्दल बोललास. पिंपरीतल्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. कंपनीच्या तपासणीत त्यांना साखर निघाली. मग बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. "रोगाचं नाव कळलं ताई, आणि मग माणूस कापत गेले," तू म्हणालास.

मी म्हटलं, "अरे शहाण्या, नाव उशिरा कळलं म्हणून कापत गेले."

"तेच ते."

"तेच ते कसं? एकदम उलटं आहे!"

तू काही बोलणार होतास. तेवढ्यात ट्रेलर हलला, मागच्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला आणि आपण स्टँड धरून बसलो. ते भांडण तिथे मोशीच्या रस्त्यावर राहिलं. मी ते अजून जिंकलेलं नाही. आणि आता माझं बरोबर होतं हे सिद्ध झालं, तर ते ऐकायला तू नाहीस. असं जिंकणं कुणी मागितलं होतं?

मग तुझी ती बाटली आली. आधी एक लिटरची. मग दोन. मी म्हटलं, "मिलिंदा, टँकरच मागव ना, महापालिका देते." तू हसलास. दर थोड्या वेळानं हातमोजे काढून गायब व्हायला लागलास. परत आलास की मी विचारायची, "झालं का सरदारांचं मोहिमेवर जाऊन?" तू पुन्हा हसलास. मग नळ्यांवरची अक्षरं तुला दिसेनात. तू प्रिंटरला दोष दिलास. बिचाऱ्या प्रिंटरला दोनदा दुरुस्तीला पाठवलं. तो मेकॅनिक शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, प्रिंटरला काही झालेलं नाही, साहेबांचे डोळे तपासा." प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला कळलं, मिलिंदा! शाई भरणाऱ्या माणसाला!

दुसऱ्या दिवशी मी पर्समध्ये सासूबाईंचं साखर बघायचं मशीन घालून आणलं. डबा संपता संपता तुझं बोट धरलं. तू असा सुटलास, असा पळालास, की सेंट्रिफ्यूजला वळसा, फ्रीझरला वळसा. मागे मी, हातात सुई. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या आणि "हे काय चाललंय?" म्हणाल्या. तू त्यांच्या मागे लपून ओरडलास, "मॅडम, दर बॅचला माझं रक्त घेते, तरी हिचं पोट भरत नाही!"

सगळे हसले. मीसुद्धा. काय करणार, वाक्य चांगलं होतं. आणि चांगल्या वाक्यापुढे मी लगेच शस्त्र टाकते हे तुला पक्कं माहीत होतं. तू ते माझ्याविरुद्ध वापरलंस.

पण त्याहून कडी म्हणजे विहारातलं आरोग्य शिबिर. आयोजक कोण? तू. खुर्च्या कुणी आणल्या? तू. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून, "आजी, मुंगी चावल्यासारखं होतं, बस," म्हणत रांगेत कुणी उभं केलं? तू. मी मदतीला आले होते. शेवटी रांग संपली, नर्सनं नवी सुई काढली आणि म्हणाली, "दादा, आता तुम्ही."

"मी आयोजक आहे," तू म्हणालास.

आयोजक! जसं काही जेवणावळीत वाढपी उपाशी राहतो तसं. नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घे त्याचं बोट, मी धरते." आणि तू अगदी गंभीर चेहरा करून तिला सांगितलंस, "सिस्टर, मी रक्ताच्या प्रयोगशाळेत आहे. माझं रक्त दर आठवड्याला तपासलं जातं." तिनं सामान आवरलं. मी रागानं निघून गेले, तर तू मागून हाक मारलीस, "ताई, जिलेबी आहे गं, घेऊन जा!"

आणि मग पाऊल. आत येताना बाहेरचे बूट काढून आतल्या चपला घालतो, त्या बाकावर. तुझ्या मोज्याला डाग होता.

"काय रे हे?"

"नवे बूट चावलेत."

"कधी?"

"झाले काही दिवस."

"आणि दुखत नाही?"

"अजिबात नाही," तू म्हणालास. अभिमानानं म्हणालास!

"अरे, दुखत नाही हेच वाईट आहे! तुझ्या वडिलांना तरी..."

तू मोजा वर ओढलास आणि असा माझ्याकडे पाहिलंस की मी पुढचं बोलले नाही. तेवढ्या वेळात तू चपला घालून आत गेलास आणि बर्फावर तुझीच नळी ठेवलीस. त्या दिवशीची बॅच. आलेख आला, ठणठणीत.

रुग्णालयात दाखल केलं तेव्हा, तुझी बायको, रजनी वहिनी, सांगत होत्या, तिथल्या बोटाच्या मशीनला आकडाच दाखवता येईना, इतकी साखर. तोवर पायातलं विष अंगभर पसरलं होतं. मी भेटायला आले तर तुझ्या हाताला नळ्या, ओठ कोरडे, आणि तुझा पहिला प्रश्न, "बॅच लावली का?"

"लावली."

"कंट्रोल?"

"बरोबर आला."

"मग मी बरा आहे," तू म्हणालास आणि डोळा मारलास.

मी हसले नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या विनोदाला मी हसले नाही, आणि तो शेवटचा निघाला. सांग आता, हे तरी बरोबर केलंस का? मला त्या वेळी म्हणायचं होतं, मिलिंदा, माझ्या हातांवर माझा जितका विश्वास नाही तितका तुझ्या हातांवर आहे, ऊठ आणि कामाला ये. ते बोलायला तू जागाच ठेवली नाहीस. विनोद मध्ये आणून ठेवलास, दाराला खुर्ची लावतात तसा.

पण मी खरी भांडायला आलेय ती यानंतरच्या गोष्टीसाठी.

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. वंदना झाली, लोक बोलले, डोळे पुसले. मी चहाचे कप गोळा करत होते. रजनी वहिनींनी माझं मनगट धरलं आणि मला मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या पलीकडे नेलं. पांढरी साडी, डोळे कोरडे. आवाज वर्गात शिकवतानाचा.

"ताई, एक विचारते. खरं सांगा."

"विचारा ना, वहिनी."

"तुम्ही ह्यांचं रक्त दर आठवड्याला तपासत होता. मग तुम्हाला कळलं कसं नाही?"

मला आधी अर्थच लागेना. "कोण म्हणालं?"

"हेच. मी रोज मागे लागायचे, जाऊन तपासून या. हे म्हणायचे, लॅबमध्ये तपासतात की, कालच केलं, ठणठणीत आहे. म्हणायचे, कुंदाताई स्वतः करते, तिच्या हातून चूक होत नाही. म्हणून मी गप्प बसले."

माझं नाव, मिलिंदा! डबा खाताना केलेल्या थट्टेला तू माझ्या नावाचा शिक्का मारून घरी नेलंस! आपल्यात ते वाक्य विनोद होतं, कारण आपल्या सगळ्यांना माहीत होतं की ते गोठवलेलं रक्त आहे. उंबरा ओलांडला की त्याच वाक्याचं औषध झालं. बायकोला रोज पाजलंस. आणि तू गेल्यावर ती बाई माझं मनगट धरून उभी, आणि उत्तर द्यायचं मी!

मला एका क्षणात दोन्ही वाटा दिसल्या. मशीन चुकलं असेल, असं पुटपुटून मी निसटू शकले असते. मग जन्मभर वहिनींनी मला गुन्हेगार धरलं असतं, पण तू त्यांच्या नजरेत सरळ राहिला असतास. किंवा खरं सांगायचं, आणि तुझ्या जलदानाच्या दिवशी, आत माणसं तुझे गुण गात असताना, तुझ्या बायकोला सांगायचं की तुमच्या माणसानं तुम्हाला बनवलं.

मी खरं सांगितलं. तू माझी तारीफ केली होतीस ना, हिच्या हातून चूक होत नाही म्हणून? घे.

"वहिनी, ते रक्त जुनं होतं."

"जुनं म्हणजे?"

"एकदाच घेतलेलं. तो निरोगी होता तेव्हाचं. गोठवून ठेवलंय. दर वेळी त्यातलीच एक नळी. आणि आम्ही त्यात जी साखर बघतो ती ही साखर नव्हेच."

"मुंडावळ्यांची," वहिनी हळूच म्हणाल्या. तुझं कीर्तन त्यांनीही ऐकलेलं.

"हो."

"आणि नवं रक्त?"

"नवं त्यानं कुणालाच दिलं नाही. मला, नर्सला, कुणालाच."

त्या खालच्या गल्लीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे खोटं बोलले."

आणि बघ माझा नालायकपणा, मी तेव्हाही तुझी बाजू घेतली. म्हटलं, "अगदी खोटं नाही म्हणता येणार, वहिनी. रक्त त्याचंच होतं."

"ताई, मी शाळेत शिकवते. गेल्या वर्षीचं प्रगतिपुस्तक पोरानं यंदा घरी दाखवलं, तर तेही त्याचंच असतं. आम्ही त्याला खोटंच म्हणतो." मग त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "म्हणजे माझा माणूस गेला, आणि त्याचं रक्त अजून ठणठणीत आहे?"

"आहे."

"मला दाखवा."

आज त्यांच्या शाळेला सुट्टी होती. सकाळी रिक्षा करून आल्या. मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि समजावून सांगितलं की रक्त देणारा माणूस आता नाही, तेव्हा उरलेल्या नळ्या वापरायच्या की नष्ट करायच्या हे घरच्यांनी ठरवायचं. वहिनी म्हणाल्या, "आधी बघू द्या."

मी त्यांना डगला, टोपी, मास्क, हातमोजे चढवले. तुझी टोपी अजून खुंटीला आहे, ती त्यांनी पाहिली आणि दुसरी मागितली. फ्रीझर उघडला. धुक्याचा लोट पायावर आला. मी रॅक ओढला आणि तुझी सगळी निळी टोपणं एका ओळीत समोर आली, बर्फाची पिठी अंगावर घेऊन. मी एक नळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"एवढंसं?"

"एवढंच लागतं."

"हे कधीचं?" मी वर्ष सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले. "आम्ही गच्चीवर खोली बांधली, त्या वर्षीचं. हे स्वतः विटा वाहत होते. मजुराला म्हणायचे, तू बस, चहा घे, मी नेतो."

"तेव्हाचाच तो."

"गोरापान गोठलाय," त्या म्हणाल्या, आणि हसल्या की काय, मला तोंडावरच्या मास्कमुळे कळलं नाही.

"वहिनी, ठेवू या परत. वितळेल."

"वितळला तर?"

"परत गोठवता येत नाही. तो नियम आहे. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवलं की ते पहिल्यासारखं राहत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मूठ मिटली.

मॅडम दारात होत्या, त्यांनी अडवलं नाही. हातमोज्यातली ती मूठ त्यांनी छातीशी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. मी फ्रीझर बंद केला, कारण दार उघडं राहिलं म्हणून तो किंचाळायला लागला होता. बऱ्याच वेळानं त्यांनी मूठ उघडली. नळीत थेंबभर पिवळसर पाणी, स्वच्छ, गुलाबी छटेचा मागमूस नाही. काम बघावं तर असं. तुझंच काम ते, तूच भरली होतीस ती नळी.

"बाकीच्या वापरा," वहिनी म्हणाल्या. "संपवा. ह्यांना नुसतं पडून राहिलेलं आवडायचं नाही. पण एक अट."

"काय?"

"प्रत्येक नळी उघडताना एक शिवी घाला. माझ्या वतीनं."

"तुमच्या वतीनं? तुम्ही तर शाळेत शिकवता."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. मला येत नाहीत. तुम्हाला येतात. हे घरी येऊन सांगायचे."

आणि मिलिंदा, तिथे, त्या फ्रीझरसमोर, आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्या रडल्या. जलदानाच्या दिवशी न रडलेली बाई भोसरीच्या शेडमध्ये माझ्या डगल्यावर डोकं ठेवून रडली आणि मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं मी गॅलरीत खोटं बोलले नाही.

त्या गेल्यावर मी मुठीत वितळलेली ती नळी नियमाप्रमाणे टाकून दिली. हात थांबला होता, पण तूच असतास तर म्हणाला असतास, ताई, नियम म्हणजे नियम, नाटकं नकोत. मग दुसरी काढली. म्हणजे आज तुला दोनदा बाहेर काढलं. बर्फात ठेवली, वितळू दिली, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी हळूच खालीवर केली, जसं तू मला शिकवलंस तसं. निळं टोपण उघडलं आणि वहिनींच्या वतीनं पहिली शिवी घातली. पुढच्याच दमात माझ्याही वतीनं एक. तुला किती ऐकू आलं माहीत नाही. पावडर कोटिंगवाल्यांना आलं, कारण एक जण कंप्रेसर बंद करून दारात येऊन विचारून गेला, "काय झालं ओ मावशी? कुणाला बोलताय?"

"आमच्या एका माणसाला," मी म्हटलं. "कामावर आलाय आणि ऐकत नाही."

तो आत डोकावला. टेबलावर मी, बर्फ आणि नळ्या. त्यानं मान डोलावली आणि निघून गेला.

बॅच आता उबेत आहे. कात्रीचं काम चालू आहे, मुंडावळ्या सुटताहेत. उद्या आलेख येईल. ललकारी मी देणार, ती सवय मोडायची नाही. पडद्यावर तुझी ती ओळखीची रेघ येईल, सगळे उंचवटे जागच्या जागी, एक इकडे नाही की तिकडे नाही. मॅडम "कंट्रोल योग्य" लिहितील. आणि तू ठणठणीत असशील, गाढवा. तिथे तू नेहमीच ठणठणीत असतोस.